मिशनची प्राथमिक शाळा : करुणा आणि समता

१

मिशनच्या शाळांविषयी आपल्याकडे सामान्यतः दोनच प्रकारे बोलले जाते. या शाळा म्हणजे धर्मांतराचे सापळे होत, हा आरोप हिंदुत्ववादी गेली शंभर वर्षे करीत आले आहेत. दुसरीकडे मिशनऱ्यांनी दलितांना हाताशी धरून वर काढले, ही कृतज्ञतेची भाषा चर्चच्या शतसांवत्सरिक स्मरणिकांतून आणि पुष्कळदा आपल्याही भाषणांतून ऐकू येते. दोन्ही बोलण्यांत एक गोष्ट समान आहे. शाळेत बसलेले मूल दोन्हींत गप्प आहे. एकाच्या लेखी ते फसलेले आहे, दुसऱ्याच्या लेखी ते उपकृत आहे. त्या मुलाला शाळेत रोज काय मिळत होते आणि काय नाकारले जात होते, हे कोणी विचारीत नाही.

प्रस्तुत लेखात तेवढाच प्रश्न घेतला आहे. प्राथमिक शाळेतील मूल्ये म्हणजे भिंतीवर लिहिलेले वचन नव्हे. सहा वर्षांच्या मुलाला तत्त्वज्ञान कळत नाही. आपण कोणाशेजारी बसतो, पाणी कोण देते, वर्ग कोण झाडते, आपले नाव कशा स्वरात घेतले जाते आणि भांडण झाल्यावर न्याय कसा होतो, हे मात्र त्याला पक्के कळते. ख्रिस्ती मूल्यांची परीक्षा या ठिकाणी करावयाची आहे, प्रवचनाच्या ठिकाणी नव्हे.

यात माझाही हितसंबंध आहे, तो आधीच सांगून टाकतो. माझी आजी, म्हणजे आईची आई, नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत तिसरीपर्यंत शिकली. आमच्या घरात अक्षर प्रथम आले ते तिच्या हाताने. १९५६ नंतर आमचे घर बौद्ध झाले. मीही चौथीपर्यंत तालुक्याच्या गावातील एका मिशनच्याच शाळेत होतो. घरातला पहिला पदवीधर मी. तेव्हा जे लिहितो आहे ते बाहेर उभे राहून लिहीत नाही.

२

प्रथम जे निर्विवाद आहे ते मान्य केले पाहिजे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार विद्यार्थ्याला प्रवेश नाकारला. त्याने सरकारकडे अर्ज केला. तत्त्वतः न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे हे मुंबई सरकारने मान्य केले, आणि तरीही एका महार मुलासाठी इतरांना शाळा निरुपयोगी करता येणार नाही, अशा अर्थाचा निर्णय दिला. पुढे १८५८ साली कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी खुल्या असल्याचे स्पष्ट केले. परंतु कागदावर खुली झालेली शाळा प्रत्यक्षात कशी होती हे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात सांगितलेच आहे. साताऱ्याच्या शाळेत त्यांना घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर वेगळे बसावे लागे, आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाणी मिळत नसे. ही गोष्ट विसाव्या शतकाच्या आरंभीची आहे.

या पार्श्वभूमीवर मिशनची शाळा पाहिली पाहिजे. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आले, १८३१ पासून त्यांनी अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) ठाणे केले. तेथे मुलींची शाळा चालविणाऱ्या सिंथिया फरार यांचे काम जोतीराव फुल्यांनी पाहिले होते, आणि जोतीराव स्वतःही पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले होते. १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली, तिच्यामागे ही पाहणी होती. इतिहासाचे हे ऋण जोतीरावांनी कधी लपविले नाही, आपणही लपविण्याचे कारण नाही.

आजीला विचारले की शाळेतले काय आठवते, तर ती प्रभूची गाणी सांगत नसे. ती सांगे, "मास्तरनं हात धरून 'ग' काढून घेतला." मागे उभे राहून, तिचा हात आपल्या हातात धरून, पाटीवर लेखणी फिरविली. गावात तिच्या सावलीला लोक टाळत होते त्या काळात एका शिकलेल्या माणसाने तिचा हात धरला. मास्तरही आमच्यातलाच, बाप्तिस्मा घेतलेला. तरी तो 'मास्तर' होता, त्याच्या अंगात कोट होता, आणि त्याने हात धरला. प्रत्येक जीव देवाने निर्माण केलेला आहे म्हणून तो शिकविण्यास योग्य आहे, या ख्रिस्ती श्रद्धेचे प्रत्यक्ष रूप म्हणजे तो हात होय. मनुस्मृतीच्या व्यवस्थेत त्या हाताला जागा नव्हती. हे मूल्य मोठे आहे आणि ते निःसंकोचपणे मोठे म्हटले पाहिजे.

परंतु येथेच एक प्रश्न निर्माण होतो. महारवाड्यात भरणाऱ्या आणि महारांचीच मुले असणाऱ्या शाळेत सर्व मुले एका तरटपट्टीवर बसतात, याला समता म्हणावयाचे काय? ज्यांना सर्वांनीच वगळले ती मुले एकत्र बसली, एवढाच त्याचा अर्थ. समतेची कसोटी शाळेत दुसरे कोणी येते तेव्हा लागते. आजीच्याच आठवणीप्रमाणे मांगवाड्यातील दोन मुले शाळेत आली तेव्हा आमच्याच लोकांनी आठ दिवस मुले पाठविली नाहीत. मास्तर घरोघर फिरला. शेवटी मुले आली, पण मांगांची मुले पट्टीच्या टोकाला बसत आणि डेऱ्यातले पाणी त्यांना दुसरा कोणी तरी वाढी. पाळक महिन्यातून एकदा येई, त्या दिवशी सगळे सरमिसळ बसत. दुसऱ्या दिवशी पुन्हा टोकाला. हे सांगताना आजी खाली पाही. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवितो, कारण जातीचा दोष नेहमी वरच्यांच्याच पदरात टाकून आपण मोकळे होतो. प्रार्थनेत 'आमच्या पित्या' म्हणणारी मुले पट्टीवर भावंडे झाली नव्हती, आणि त्याला आम्हीही जबाबदार होतो.

३

फुल्यांच्या शाळेतील मांग समाजाची चौदा वर्षांची विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिने लिहिलेला मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाला. 'ज्ञानोदय' हे १८४२ साली अहमदनगरहून निघालेले मिशनचे नियतकालिक. एका अस्पृश्य मुलीचा शब्द छापण्याचे धैर्य त्या काळी या पत्राने दाखविले, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण ती मुलगी घडली कोठे, हेही पाहिले पाहिजे. ती घडली एतद्देशीय माणसाने काढलेल्या, धर्मांतराची अट नसलेल्या शाळेत. अवघ्या तीन वर्षांच्या शिक्षणानंतर ती काय करते? ती देवाला विचारते की आमचा धर्म कोणता. वेद वाचण्याचा अधिकार ज्यांना नाही ते धर्मपुस्तकाविना राहिलेले लोक, मग त्यांनी कोणत्या धर्माने चालावे, हा तिचा तर्क आहे. ती आभार मानून थांबत नाही. कोणी जमिनी घेतल्या, कोणी पायाखाली तुडविले, बाळंत होणाऱ्या आमच्या बायांना छप्पर का नाही, हे ती ओळीने मांडते.

आता मिशनच्या शाळेतील नित्याची शिकवण घ्या. त्या शिकवणीचा आरंभ मुलाच्या पापापासून होतो. तू पापी आहेस, प्रभूने तुझ्यासाठी मरण सोसले, म्हणून तू कृतज्ञ राहा. फुल्यांच्या शाळेतील प्रश्न असा होता : तुझ्यावर अन्याय कोणी केला? दोन प्रश्नांतून दोन प्रकारची मुले निर्माण होतात. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीविषयी केलेले लेखन त्यांच्या इंग्रजी समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात १९८९ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी नेमके हेच बोट ठेवले आहे. हिंदू असताना अस्पृश्याला सांगितले जाते की तुझ्या अवनतीला तुझे पूर्वजन्मीचे कर्म कारण आहे. ख्रिस्ती झाल्यावर तो शिकतो की कारण आदिपुरुषाचे पाप आहे. दोन्हींत समाजव्यवस्था सुटून जाते. प्रौढ माणूस यावर वाद घालू शकतो. पहिलीतले मूल वाद घालीत नाही, ते मान खाली घालते.

४

मी शिकलो त्या शाळेतील तीन प्रसंग येथे सांगतो. व्यक्तींना दोष देण्याचा हेतू नाही. आमच्या बाई प्रेमळ होत्या, आणि त्यांच्यामुळेच मी वाचू लागलो. दोष मूल्यांच्या मांडणीचा आहे.

पहिला प्रसंग स्वच्छतेचा. परिपाठानंतर नखे, दात, कपडे पाहिले जात. स्वच्छता ही देवभक्तीच्या शेजारची गोष्ट आहे असे आम्हाला शिकविले जाई. ज्यांचे कपडे मळके, त्यांना रांगेच्या बाहेर काढीत. रोज बाहेर निघणारी मुले तीच असत, आमच्या वस्तीतली. वस्तीत नळ एक, आणि तो सकाळी येई तेव्हा आया कामाला गेलेल्या. वस्तीला दुसरा नळ का नाही, हा प्रश्न शाळेच्या मूल्यशिक्षणात कधी आला नाही. नगरपालिकेचा अन्याय अशा रीतीने मुलाच्या अंगावरचा मळ झाला आणि मळ हा मुलाचा दोष झाला. ज्या समाजाला हजारो वर्षे 'अमंगळ' म्हटले गेले, त्याच्या मुलाला रांगेबाहेर काढताना बाईंच्या मनात जात नव्हती, हे मी मान्य करतो. मुलाच्या मनात मात्र ती होती.

दुसरा प्रसंग क्षमेचा. तिसरीत असताना एका मुलाने मला जातीवरून शिवी दिली. मी त्याला मारले. बाईंनी दोघांना पुढे बोलावले, एकमेकांचे हात धरायला लावले, डोळे मिटून प्रार्थना घेतली, आणि मला म्हणाल्या, "तू त्याला क्षमा केलीस ना?" मी 'हो' म्हणालो. त्याने काय केले होते हे कोणी उच्चारले नाही, त्यालाही उच्चारायला लावले नाही. मारल्याबद्दल मला मात्र माफी मागावी लागली. क्षमा हे थोर मूल्य आहे यात शंका नाही. पण अपराधाचे नाव न घेता मागितलेली क्षमा म्हणजे अपराधावर घातलेले पांघरूण होय, आणि क्षमा करण्याचे काम प्रत्येक वेळी ज्याला लागले आहे त्याच्यावरच सोपविले जाते. आमचा समाज हे काम शाळेबाहेर पुष्कळ करीत आला आहे. शाळेत त्याची तालीम देण्याची गरज नव्हती.

तिसरा प्रसंग सेवेचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नाताळाच्या कार्यक्रमात चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत नाटकरूपाने बसविला होता. वाटेवर लुटारूंनी मारून टाकलेला मनुष्य, त्याला ओलांडून जाणारे याजक आणि लेवी, आणि त्याला उचलून नेणारा शोमरोनी. जखमी माणसाचे काम मला मिळाले, शोमरोन्याचे काम गावातल्या डॉक्टरांच्या मुलाला. त्याच्याकडे चांगला कोट होता, एवढेच कारण. मी स्टेजवर पडून राहिलो, त्याने मला पाणी पाजले, लोकांनी टाळ्या वाजविल्या. कार्यक्रमाच्या शेवटी गरीब मुलांना कपडे वाटले, त्यांतही मी होतो. त्यामुळे एकाच संध्याकाळी मी दोनदा घेणारा झालो.

पुढे एम.ए.ला असताना शुभवर्तमाने स्वतः वाचली तेव्हा कळले की शोमरोनी म्हणजे कोटवाला नव्हे. शोमरोनी म्हणजे यहुदी ज्यांना तुच्छ लेखीत, ज्यांच्याशी व्यवहार टाळीत, असे लोक. येशूने ही गोष्ट एका शास्त्र्याला सांगितली आणि तीत धर्माधिकारी नापास केले व बहिष्कृत माणूस उत्तीर्ण केला. 'माझा शेजारी कोण' या शास्त्र्याच्या प्रश्नाला दिलेले ते उत्तर त्याला झोंबणारे होते. योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीची कथाही अशीच. याकोबाच्या विहिरीवर येशू शोमरोनी बाईकडे पाणी मागतो, आणि तीच चकित होऊन विचारते की यहुदी असून तू माझ्याकडे कसे मागतोस. आपल्या वाचकांना या कथेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. २० मार्च १९२७ चे चवदार तळे ज्यांना माहीत आहे त्यांना ती एका वाचनात कळते.

मला हे शाळेत कोणी सांगितले नाही. शाळेतल्या वर्गात शोमरोनी म्हणजे दयाळू श्रीमंत, आणि विहिरीवरची बाई म्हणजे पश्चात्ताप झालेली पापी स्त्री. ख्रिस्ताच्या कथेतला जो भाग आमचा होता तोच शाळेने काढून घेतला आणि कथा गोड करून परत दिली. म्हणून माझा आक्षेप ख्रिस्ती मूल्ये शाळेत होती यावर नाही. ती पुरेशी नव्हती, यावर आहे. येशूने ज्याला देणारा केले त्याला शाळेने घेणारा केले.

५

हा अनुभव माझा एकट्याचा आहे असे कोणी म्हणेल, म्हणून साहित्याची साक्ष काढतो. तमिळ लेखिका बामा यांचे 'करुक्कू' हे आत्मकथन १९९२ साली प्रसिद्ध झाले. त्या जन्माने दलित कॅथलिक. चर्च त्यांचे, शाळा त्यांच्या धर्माची, प्रार्थना तोंडपाठ. आणि तरीही शाळेत नारळ चोरल्याचा खोटा आळ आला तेव्हा चेरीतली मुलगी आहे तर केलेच असेल, अशा भावनेने धर्मगुरूनेही तिला वागविले. पुढे त्या जोगीण झाल्या, गरीब मुलांना शिकवावे म्हणून. मठाच्या शाळांत त्यांना दिसली ती सुखवस्तूंची मुले, आणि गरिबीचे व्रत घेतलेल्यांचे आरामाचे जीवन. त्या बाहेर पडल्या. बामा ख्रिस्ताला नाकारीत नाहीत. ख्रिस्ताच्या नावाने चालणाऱ्या दैनंदिन व्यवहाराला त्या ख्रिस्ताच्याच कसोटीवर घासतात. त्यांच्या नकाराचे बळ यात आहे.

मराठीत याच विषयाच्या संदर्भात 'स्मृतिचित्रे' आठवते. लक्ष्मीबाई टिळकांचा सोवळ्यातून माणुसकीपर्यंतचा प्रवास त्यात मोठ्या प्रांजळपणे आला आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण तो वरून खाली येणाऱ्या माणसाचा प्रवास आहे. त्यांना काही टाकावयाचे होते. महारवाड्यातून मिशनच्या शाळेत आलेल्या मुलाजवळ टाकण्यासारखे काही नव्हते, त्याला मिळवावयाचे होते. आपल्या अभ्यासक्रमांत आणि चर्चासत्रांत मराठी ख्रिस्ती साहित्य म्हटले की पहिला प्रवास येतो, दुसरा क्वचित येतो. नगर, जालना, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) या भागांतील दलित ख्रिस्ती घरांतून आज शिकलेली तिसरी-चौथी पिढी आहे. तिने आपल्या शाळेच्या दिवसांविषयी लिहावे, त्या लिखाणाला आपल्या नियतकालिकांनी पाने द्यावीत. त्यांना 'बाटगे' म्हणून दूर ठेवण्याची खोड आपल्यातही आहे.

त्यांच्या मुलांना शाळेत भोगावा लागणारा आणखी एक प्रकार येथे नोंदविला पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली तो शिखांना आणि १९९० साली बौद्धांना मिळाला. दलित ख्रिस्तींना मिळालेला नाही. म्हणून पुष्कळ आईबाप रविवारी चर्चमध्ये जातात आणि शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू' लिहितात. सत्य बोलावे हे मूल्य शिकविणाऱ्या शाळेत मुलाचा पहिला कागद असा तयार होतो. दोष आईबापांचा नाही, राज्यव्यवस्थेचा आहे. पण सहा वर्षांच्या मुलाला कळते ते एवढेच की आपल्याला दोन नावे आहेत, आणि त्यांतले एक लपवावयाचे आहे.

६

आता आजच्या स्थितीकडे येऊ. मिशनची जुनी मराठी शाळा पुष्कळ ठिकाणी ओस पडली किंवा बंद झाली. तिच्या जागी इंग्रजी माध्यमाची शाळा उभी राहिली, फाटकावर रखवालदार आला, देणगीची भाषा आली. मिशनच्या शाळा-दवाखान्यांचा लाभ मुख्यतः वरच्या वर्गांनीच घेतला, ही बाबासाहेबांची तक्रार होती. ती आज अधिक खरी झाली आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांच्या प्रवेशवर्गात दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी किमान २५ टक्के जागा ठेवल्या. ६ मे २०१४ रोजी प्रमती एज्युकेशनल ट्रस्ट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळा, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, या कायद्याच्या कक्षेबाहेर काढल्या. २०२५ साली त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या निर्णयाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याची शिफारस केली. कायद्याचे काय व्हावयाचे ते होवो. घटनेच्या ३० व्या कलमाने अल्पसंख्याकांना दिलेला अधिकार मौल्यवान आहे. आजच्या वातावरणात, जेव्हा शाळेतल्या नाताळावरही हरकत घेतली जाते, तेव्हा त्या अधिकाराच्या रक्षणासाठी आपण उभे राहिलेच पाहिजे. या लेखातील टीकेचा उपयोग कोणी मिशन शाळांवर दगड मारण्यासाठी करील तर तो आमचा मित्र नव्हे. ज्यांच्या पूर्वजांनी आमच्यासाठी कोणतीच शाळा उघडली नाही, त्यांना हा हक्क पोहोचत नाही.

पण कायद्याने भाग पाडले नाही म्हणून दार लावून घेणे, आणि त्याच दारावर बालकांना जवळ घेणाऱ्या ख्रिस्ताचे चित्र लावणे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. कायद्यातून सूट मिळाल्यावरच मूल्याची खरी परीक्षा होते. ज्या संस्था स्वेच्छेने वस्तीतल्या मुलांना घेतील त्यांनाच आपल्या मूल्यांविषयी बोलण्याचा अधिकार राहील.

७

हीच कसोटी आपल्यालाही लावली पाहिजे, नाही तर हे लिखाण अप्रामाणिक ठरेल. आज आपल्या लोकांच्या आश्रमशाळा आहेत, तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या नावाच्या इंग्रजी शाळा आहेत. सकाळी त्रिशरण-पंचशील होते. त्यानंतर वर्ग कोण झाडते? मातंग, भटके, पारधी यांची मुले पट्टीच्या कोणत्या टोकाला बसतात? मधल्या सुट्टीत शिवी दिली गेली तर तिचे नाव घेतले जाते की तेथेही डोळे मिटून प्रार्थना होते? स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वे आपण बुद्धाच्या शिकवणीतून घेतली असे बाबासाहेबांनी १९५४ साली आकाशवाणीवरून सांगितले. पाणी पिताना आणि झाडू हातात घेताना ती तत्त्वे मुलाच्या अनुभवाला येत नसतील, तर आपल्याही शाळेत फक्त भिंतीवरचे चित्र बदलले, असे म्हणावे लागेल.

मिशनच्या शाळेकडून घ्यावयाचे ते पाटीवरचा 'ग' काढून घेणारा हात. त्या हाताने स्पर्श केला म्हणून आम्ही लिहू लागलो, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो. नाकारावयाची ती त्या हाताची वसुली, म्हणजे आजन्म कृतज्ञता, विनाशब्द क्षमा, आणि स्टेजवर पडून राहण्याची भूमिका. जोतीरावांनी 'सार्वजनिक सत्यधर्मा'त एका घरात निरनिराळ्या धर्मांची माणसे प्रेमाने राहतील असे चित्र रंगविले आहे. तसे घर होण्याआधी तशी शाळा व्हावी लागेल.

शिक्षक-वाचकांना एकच विनंती आहे. पुढच्या नाताळात, किंवा आपल्या शाळेच्या कोणत्याही संमेलनात, शोमरोन्याची गोष्ट बसवाल तेव्हा तो कोण होता हे मुलांना आधी सांगा. मग भूमिका वाटा.